कडेनं दिसलेले पक्षी

एक जानेवारीच्या सकाळी कावळासुद्धा नवा असतो, असं मैनाआक्का म्हणायच्या. वर्षभर जमवलेले पक्षी आदल्या संध्याकाळी संपलेले असायचे. चिमणी, साळुंकी, पोपट, कुणीच अजून पाहिलेलं नाही. सगळं आभाळ कोरं. मग सायखेड्याच्या घराच्या ओट्यावर शाली गुंडाळून दोघींनी बसायचं. नदीवरून धुकं वर चढत यायचं, कांद्याच्या वावरात शिरायचं, अंगणातल्या शेवग्याला कमरेपर्यंत बुडवायचं. त्यातून पहिला जो कुणी दिसेल त्याचं नाव संजनानं वहीत लिहायचं आणि वर्ष सुरू व्हायचं.

मैनाआक्का ही संजनाची नणंद, तिच्या नवऱ्याची, सोमनाथची, मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच नांदणं सोडून त्या माहेरी आल्या, नर्सचं शिक्षण घेतलं आणि निफाड तालुक्यातल्या गावोगावी बाळंतपणं करत नोकरी पुरी केली. निवृत्तीनंतर गोदावरीच्या काठाला तीन खोल्यांचं घर बांधून त्या एकट्या राहत होत्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "एकटी कशानं? नदी हाय की."

सोमनाथ आणि संजना नाशकात इंदिरानगरला राहायचे. सोमनाथचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या खोक्यांचं दुकान. हंगामात तो घरी झोपण्यापुरताच यायचा.

पंचवीस वर्षं नणंद-भावजयीचं नातं सणावारापुरतंच होतं. मग आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या महिनाभर इंदिरानगरला येऊन राहिल्या. गॅलरीतून समोरचा गुलमोहर दिसायचा. एके दिवशी त्यात एक इवलासा पक्षी येऊन बसला. संजना म्हणाली, चिमणी. आक्का म्हणाल्या, चिमणी नव्हे. हे भांडण पुढे तीन-चार दिवस चाललं. शेवटी संजनानं शेजाऱ्यांकडून पक्ष्यांचं पुस्तक मागून आणलं आणि तो शिंपी निघाला. त्या एवढ्याशा पक्ष्यानं दोघींना असं काही एकत्र शिवलं, की गुडघा बरा झाल्यावरही त्या एकमेकींना सोडेनात.

त्यांचे नियम दोनच होते. पहिला, संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्याच अंतरावर जायचं. संजनाची स्कूटर जाईल तिथवर: नांदूरमध्यमेश्वरचं पाणी, गंगापूर धरणाचा काठ, पांडवलेण्यांच्या पायथ्याची झाडी, द्राक्षबागांमधले पाट. दुसरा नियम आक्कांचा होता. पक्षी दोघींना दिसला तरच यादीत. "एकीनं पायलेला पक्षी म्हणजे नुसत्या गप्पा," त्या म्हणायच्या.

ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षीचा पहिला पक्षी होता दयाळ. धुक्यातून शेपटी उंच करून तो कुंपणावर आला, दोन सूर काढले आणि गेला.

"दिसला?" संजनानं विचारलं.

"दिसला ना," आक्का म्हणाल्या.

वर्ष नेहमीसारखंच सुरू झालं होतं. नांदूरमध्यमेश्वरला रोहित पक्षी पाण्यात उभे होते, लांबून कुणी गुलाबी लुगडी वाळत टाकल्यासारखे. गाळावर शेकाट्या आपल्या लाल काड्यांच्या पायांवर जपून चालत होत्या. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या वारकरी पक्ष्यांच्या काळ्या थव्याला आक्का हात जोडायच्या. संजना लिहीत होती. आक्का "दिसला, दिसला" म्हणत होत्या. कधीकधी संजनाच्या आधीच म्हणायच्या.

मार्चमध्ये त्यांनी गळ्यात दुर्बीण घालणं सोडलं. "मानेला जड होती," म्हणाल्या. मे महिन्यात एकदा त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला आणि बशीवर खेकसल्या. स्कूटरवर मागे बसताना पाय टेकवायची जागा त्या चपलेनं चाचपून बघू लागल्या. संजनाला हे सगळं दिसत होतं आणि दिसतही नव्हतं. गुडघा असेल, वय असेल, उन्हाळा असेल.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दोघी गंगापूर धरणाच्या काठाला गेल्या होत्या. पाऊस उघडला होता. पाणी गवतात शिरलेलं, पलीकडचे डोंगर ढगांत अर्धे विरलेले, आणि पाण्यात बुडालेल्या एका कुंपणाचे खांब ओळीनं वर आलेले. त्यातल्या एका खांबावर कवड्या खंड्या बसला होता, काळा-पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा. त्या वर्षी तो अजून मिळाला नव्हता.

"आक्का, तो बघा. डावीकडून तिसरा खांब."

संजनाचा हात अजून वरच होता, तेवढ्यात खंड्या उडाला. पाण्यावर क्षणभर थरथरला, सूर मारला आणि मासा घेऊन पार पलीकडच्या काठाला निघून गेला. खांब रिकामा.

"दिसला," आक्का म्हणाल्या. रिकाम्या खांबाकडे बघत त्या हसत होत्या. "काय ऐटीत बसलाय बघ. जागचा हलत नाय."

संजनानं हात खाली घेतला. वारा आला, पाण्यावरून सुरकुती सरकत गेली. तिनं वही उघडली नाही. आक्कांनी विचारलंही नाही.

परत सायखेड्याला येताना संजना स्कूटर जरा जोरातच चालवत होती. तिला राग आला होता, आणि तो कुणावर हे कळत नव्हतं. जानेवारीपासूनचे सगळे पक्षी तिच्या डोळ्यांपुढून जात होते. गुलाबी लुगड्यांसारखे रोहित. लाल काड्यांच्या शेकाट्या. ते सगळं तिनं एकटीनंच पाहिलं होतं?

घरी आल्यावर आक्कांनी गॅस पेटवला. काडीपेटी त्यांनी बोटांनी शोधली आणि ज्योत पेटल्यावर मान एका बाजूला वळवून तिच्याकडे पाहिलं, कोंबडी दाण्याकडे बघते तसं.

"आक्का, खांबावर काहीच नव्हतं," संजना म्हणाली. "मी दाखवेपर्यंत तो उडून गेला होता."

आक्का गॅससमोर तशाच उभ्या राहिल्या. दूध वर आलं, तेव्हा वासावरून त्यांनी गॅस बारीक केला.

"कधीपासून?"

"होळीपासून लय वाढलं. त्याआधी थोडं थोडं होतंच."

"म्हणजे आंधळं..."

"नाय गं. आंधळं नाय. मधलंच गेलंय." त्यांनी तळहात संजनाच्या चेहऱ्यासमोर धरला. "असं. जिकडं बघीन तिथं ढग. बाजूचं सगळं हाय. तुझे कान दिसतात. बांगड्या दिसतात. हे दार, तो माठ, सगळं दिसतं. तोंड तेवढं दिसत नाय तुझं."

संजना पाटावर बसली. होळीपासून ऑगस्टपर्यंत आपण यांच्यासमोर हसलो, रुसलो, एकदा तर रडलोही, आणि त्यातलं काहीच यांना दिसलं नाही, हे तिच्या मनात हळूहळू उतरत होतं.

"आक्का, तुम्ही नर्स होतात. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं म्हणूनच तर बोलले नाय." आक्का तिच्याशेजारी बसल्या. "सोमनाथला कळलं का तो दुसऱ्या दिवशी गाडी घिऊन येईल. तुमच्याकडं तिसऱ्या मजल्यावर मला नीट ठेवाल तुम्ही, खाऊपिऊ घालाल. मी काय करू तिथं? इथं मला पाय नेतात. अंगण कुठं संपतं, पायऱ्या कुठं, नदी कुठं, पायांना माहिती हाय. आणि तुला सांगितलं असतं तर तू पक्षी बघणं बंद केलं असतंस. माझ्यापायी."

"मी नसतं केलं बंद."

"केलं असतंस. मी वळखते तुला."

बाहेर टिटवी ओरडत गेली. दोघींनीही वर पाहिलं नाही.

"ह्यांना मी सांगणार नाही," शेवटी संजना म्हणाली. "पण उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं."

नाशकातल्या ज्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती आक्कांना घेऊन गेली ती एक तरुण, मोजकं बोलणारी बाई होती. तिनं डोळ्यांत थेंब टाकले, यंत्रांमागे बसवून बराच वेळ पाहिलं आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध झालेला बिघाड कागदावर काढून दाखवला. उजव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही. डावा अजून थोपवता येईल. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला, निदान काही काळ. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"अजून एक सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सरळ बघायचं सोडा. जे बघायचंय त्याच्या थोडं वर किंवा थोडं बाजूला बघा. कडेची नजर चांगली आहे तुमची. तिला कामाला लावायचं. पहिल्यांदा चिडचिड होईल. मग सवय होते."

रिक्षात बसल्यावर आक्कांनी कडेची दांडी घट्ट धरली. काळ्या चष्म्यामागून त्या रस्त्याकडे बघत होत्या, किंवा रस्त्याच्या जरा वर.

"संजना," त्या म्हणाल्या, "तुझ्या कानाच्या थोडं मागं बघितलं ना, का तुझं नाक दिसतं."

संजना हसू लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. आक्का त्याच जागेवर नजर ठेवून म्हणाल्या, "आता रडतीस. हे पण दिसतंय."

इंजेक्शनं सुरू झाली. सोमनाथला सांगितलं, आक्कांचे डोळे कोरडे पडलेत, औषध चालू आहे. तो हंगामाच्या तयारीत होता, बरं म्हणाला.

सप्टेंबरमध्ये ओट्यावर बसून आक्का म्हणाल्या, "त्या वहीतलं सगळं खोडून टाक."

"सगळं कशाला? काही तर तुम्हाला दिसलंच असेल."

"मला आता आठवत नाय कुठला खरंच दिसला आणि कुठला नुसताच दिसला म्हणाले. खोड. कावळ्यापासून धरू परत."

संजनानं पानांवर आडव्या रेघा मारल्या. मग चालू झाले ते दिवस, जे पुढे तिला नेहमी एखाद्या लांब दुपारच्या झोपेसारखे आठवत राहिले. घाईच संपली होती. पूर्वी एका सकाळी दोघी तीन-चार ठिकाणं पालथी घालायच्या. आता एकाच बाभळीखाली बसून राहायच्या. संजना आधी पक्षी शोधायची. मग सांगायची: "तो सुकलेला फाटा आहे ना, त्याच्या टोकाला. तुम्ही मागच्या विजेच्या तारेकडे बघा." आक्का तारेकडे बघायच्या, मान कलती करायच्या, जरा खाली, जरा उजवीकडे. वाट बघायची. पक्षी थांबला तर थांबला.

"आला," त्या हळूच म्हणायच्या. "आला आला. हिरवा हाय. शेपटीला काडी."

"वेडा राघू."

"थांब, बोलू नको. जाईल."

सरळ बघितलं की पक्षी विरघळतो आणि दुसरीकडे बघितलं की येऊन बसतो, असं आक्का सांगायच्या. जणू पक्ष्यांना कुणी टक लावून पाहिलेलं आवडत नाही. कधी पंख आधी यायचे आणि बाकीचं नंतर. कधी नुसता रंग यायचा, पाण्यात कुंकू सांडावं तसा, आणि मग त्याला हळूहळू चोच फुटायची. संजनानंही तसं करून पाहिलं. सातभाईंच्या टोळीकडे न बघता पलीकडच्या उसाच्या तुऱ्याकडे बघत बसली. कडेला काहीतरी मातकट उड्या मारत होतं, कुरकुरत होतं, पानं उलटीसुलटी करत होतं. ते सातभाई होते हे माहीत असूनही तिला वाटलं, आपण हे आज पहिल्यांदा बघतो आहोत.

ज्या दिवशी जमायचं नाही त्या दिवशी आक्का चिडायच्या. ऑक्टोबरमध्ये एकदा हळद्यासाठी दोघींनी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी सकाळ घालवली. पिवळाधमक पक्षी आठ-दहा वेळा फांदी बदलून गेला, आणि दर वेळी आक्कांची मान पोचेपर्यंत जागा रिकामी. शेवटी त्यांनी हातातली काठी झाडीत भिरकावली. "नको मला तुझा हळद्या!" त्या ओरडल्या आणि खाली बसल्या. संजनानं काठी शोधून आणली. त्या वर्षी हळद्या यादीत आलाच नाही.

भाऊबीजेला सोमनाथ आणि संजना सायखेड्याला गेले. आक्कांनी पहाटे उठून अंगण सारवलं होतं, पाट मांडला होता, तबक तयार होतं. सोमनाथ टोपी घालून पाटावर बसला. आक्कांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि हात पुढे केला.

तो हात हवेत थांबला.

संजना दारात उभी होती. तिला कळलं. आक्का भावाच्या चेहऱ्याच्या जरा वर, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. पण तबकातल्या निरांजनाची ज्योत मध्ये हलत होती आणि त्यांचं बोट जागा शोधत होतं. ते टेकलं ते सोमनाथच्या भुवईवर. कुंकू पापणीवर सांडलं.

"आक्का?" सोमनाथ म्हणाला.

आक्कांनी तबक खाली ठेवलं. दुसऱ्या हातानं त्यांनी त्याचं कपाळ चाचपलं, लहान मुलाचा ताप बघावा तसं, आणि मधोमध नीट टिळा लावला. मग म्हणाल्या, "सोमनाथ, मला समोरचं दिसत नाय रे. ओवाळून घेते, मग सांगते."

ओवाळून झालं. सोमनाथनं सगळं ऐकलं, पापणीवरचं कुंकू तसंच ठेवून. मग तो आधी संजनावर चिडला. "तुला माहीत होतं! इतके महिने!" संजनानं मान खाली घातली. मग तो उठला आणि आतल्या खोलीत जाऊन आक्कांच्या साड्या कपाटातून काढून पलंगावर ठेवू लागला.

"काय करतोस?" आक्कांनी विचारलं.

"आजच चला. इथं एक दिवस ठेवणार नाही मी तुम्हाला. बाजूला नदी, पायऱ्या, गॅस. काही झालं तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते सांगतोस का तुला भीती वाटती ते सांगतोस?"

सोमनाथच्या हातात एक साडी तशीच राहिली. तो पलंगाच्या कडेवर बसला. साठीचा माणूस, पण त्या वेळी त्याचा चेहरा अगदी धाकट्या भावाचा झाला होता.

"भीती वाटते," तो म्हणाला.

"मलाबी वाटती," आक्का म्हणाल्या. "पण तिकडं जास्त वाटंल."

संजना आत आली. तिनं पलंगावरच्या साड्या उचलल्या आणि एकेक करून परत कपाटात ठेवू लागली. नवऱ्यासमोर असं काही तिनं आजवर केलं नव्हतं. "पुंजाची बायको शेजारीच राहते," ती म्हणाली. "ती रात्री इथं झोपायला येईल, मी बोललेय तिच्याशी. मी आठवड्यातून तीन दिवस येत जाईन. आणि तुम्ही आधी एकदा आमच्याबरोबर बाहेर चला. ह्या कशा वावरतात ते बघा. मग ठरवा."

सोमनाथ लगेच हो म्हणाला नाही. निघताना त्यानं अंगणातल्या पायऱ्या दोनदा चढून-उतरून पाहिल्या आणि संजनाला म्हणाला, "इथं कठडा बसवून घेतो."

डिसेंबरमध्ये, दुकानाच्या रगाड्यातून एक दुपार काढून, तो दोघींना गाडीनं नांदूरमध्यमेश्वरला घेऊन गेला. बांधावरच्या वाटेनं आक्का पुढे चालत होत्या. सोमनाथ हात पुढे करून त्यांच्या मागे मागे, आत्ता पडतील की मग पडतील या धास्तीत. त्या पडल्या नाहीत. खड्डा आला की त्यांचा पाय आपोआप बाजूला पडायचा. एकदा सोमनाथच अडखळला.

"जपून रे," त्या मागे न बघता म्हणाल्या.

पक्षी बघायच्या मनोऱ्याखाली तिघं बसले. ऊन उतरत होतं. पाण्यावर तलवार बदकं, थापटे, चक्रवाक, सगळे आपापल्या सावलीवर बसून तरंगत होते. कुठे पाणी संपतं आणि कुठे आभाळ, ते कळेनासं झालं होतं. सोमनाथनं बाजूलाच राहून उभ्या आयुष्यात हे पाहिलं नव्हतं. खिशात फोन दोनदा वाजला. त्यानं काढला नाही.

"हे कोण?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"चक्रवाक," संजना म्हणाली.

"नारिंगी हायेत ना?" आक्का म्हणाल्या. त्या सूर्याकडे तोंड करून बसल्या होत्या, चक्रवाकांना एका कडेला ठेवून. "तिकडं कडेला दोन दिवे लावल्यासारखं वाटतंय."

"दोनच आहेत," सोमनाथ म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आक्का, मी दिसतो का तुम्हाला?"

"बस गप. हलू नको." त्यांनी मान वळवली, त्याच्या खांद्यापलीकडच्या लव्हाळ्यावर नजर ठेवली आणि वाट पाहिली. "आला," त्या म्हणाल्या. "केस पिकले की रे तुझे."

सोमनाथनं हातानं केस सारखे केले.

सूर्य टेकता टेकता आक्का एकदम ताठ बसल्या. "वर काहीतरी चाललंय," त्या म्हणाल्या. "लांब. दोरा ओढल्यासारखं."

संजनानं दुर्बीण लावली, सगळीकडे फिरवली. काही नव्हतं. सोमनाथनं डोळ्यांवर हात धरला. आभाळ राखाडी, रिकामं. मग उसाच्या फडांवरून आवाज आला, खोल, घोगरा, कुणी लांबून तुतारी फुंकावी तसा, आणि त्या आवाजाच्या मागोमाग तो दोरा सगळ्यांना दिसला. माना पुढे काढलेले, पाय मागे सोडलेले क्रौंच, एकामागे एक. त्यांचे पंख इतके सावकाश हलत होते की ते उडत नसून झोपेत चालत आहेत असं वाटावं. पाण्यावर येताच ओळ सैल झाली, पाय खाली लोंबले, आणि एकेक पक्षी पलीकडच्या उथळ पाण्यात उतरत गेला.

"किती आहेत!" सोमनाथ म्हणाला. त्यानं मोजायला बोट वर केलं आणि अर्ध्यातच सोडून दिलं.

थंडी वाढली. आक्कांनी शालीचं एक टोक संजनाच्या खांद्यावर टाकलं. अंधारात क्रौंच एकमेकांशी पुटपुटत होते. सोमनाथ गाडी आणायला म्हणून उठला, बांधावर चार पावलं गेला आणि तिथंच उभा राहून पाण्याकडे बघत राहिला. त्याला कुणी हाक मारली नाही.